बदामाचा गुलाम

शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी धपाटे असत. ओल्या फडक्यावर धपाटा थापताना आईच्या हाताचा जो थप् थप् आवाज होई, तो ऐकला की मला अभ्यासात लक्ष लागत नसे, कारण धपाटे म्हणजे पत्ते. औरंगपुऱ्यातल्या त्या दोन खोल्या आणि एक ओसरी एवढ्यात आमचा संसार होता. पलीकडच्या भिंतीला शेजारच्या खालाचं शिवणयंत्र दिवसभर घरघरायचं आणि मगरीबची अजान झाली की थांबायचं. ते थांबलं की अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीची टोपी खुंटीला अडकवत आणि म्हणत, "चला, आटपा." ताटात धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी आणि आईला वेळ मिळाला असेल तर येसराची आमटी. जेवणं लवकर होत आणि मग सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे, कोपरापर्यंत. तेलकट बोट पानाला लागलं तर अण्णा भडकत. पत्त्यांचा तो जोड बापूकाकांनी सिकंदराबादेहून आणलेला, घरात दुसरा नव्हता, आणि अण्णांच्या मते औरंगाबादेत तसला मिळतही नव्हता. ते खरं नसावं. पण अण्णांच्या पुष्कळ गोष्टी आम्ही अशाच मान्य करून टाकलेल्या होत्या.

बापूकाका अण्णांचे धाकटे भाऊ. रेल्वेत नोकरीला होते, सगळं तारुण्य तिकडे काढलं, आणि पोलीस ॲक्शन झाल्यानंतर नोकरी सोडून एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन आमच्याकडे आले ते कायमचेच. लग्न केलेलं नव्हतं. का, ते कुणी विचारत नसे. त्यांना तेलुगू यायचं, झकास कॉफी करता यायची आणि शिट्टीवर गाणी वाजवता यायची, पण आम्हाला त्यांनी दिलेली खरी देणगी म्हणजे 'तीनशे चार'. आमच्या गल्लीत तेव्हा लोक मेंढीकोट खेळत, बायका झब्बू खेळत, पोरं गुलामचोर. तीनशे चार फक्त आमच्याकडे. काका हा खेळ रेल्वेतल्या मद्रासकडच्या लोकांकडून शिकले होते आणि आम्हाला शिकवताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू ते आम्हाला गुपचूप गावाबाहेरचा एखादा झरा दाखवत आहेत.

खेळ तसा अवघड नाही, पण उलटा आहे. जोडातून सहाच्या खालची, सहासकट सगळी पानं काढून टाकायची. उरलेल्या पानांत गुलाम सगळ्यात मोठा, त्याच्याखाली नव्वी, मग एक्का, मग दश्शी, आणि राजा-राणी बिचारे त्यांच्याही खाली. प्रत्येक पानाला गुण, सगळ्यांची बेरीज तीनशे चार, म्हणून खेळाचं नाव ते. चौघांचे दोन जोड. भिडू एकमेकांच्या समोर बसतात. आधी निम्मी पानं वाटून बोली लागते, आपला जोड एवढे गुण करील म्हणून. ज्याची बोली मोठी, त्यानं आपल्या हातातलं एक पान उपडं ठेवायचं, तो हुकूम. खेळाच्या ओघात तो उघडेपर्यंत कोणता रंग हुकूम आहे ते भिडूलाही ठाऊक नसतं. म्हणून भिडू असा हवा की ज्यानं तुमचं पान न पाहता तुम्हाला ओळखावं.

अण्णा आणि आई एक जोड, काका आणि मी दुसरा. मी शाळेत असताना ही जोडी जमली आणि अखेरपर्यंत तीच राहिली. काकांनी मला पानं लक्षात ठेवायला शिकवलं. "शके, डोळ्यांनी नको खेळू," म्हणायचे, "पडलेलं पान विसरलीस की तू मेलीस." मला गणित आवडायचं, त्यामुळं ते सोपं गेलं. आई मात्र अंदाजानं खेळायची आणि तरीही कधी कधी असा डाव मारायची की अण्णा तिच्याकडं बघतच राहायचे. आठवडाभर खाली मान घालून वावरणारी माझी आई शनिवारी पाय मोडून पाटावर बसून "घ्या, नव्वी!" असं ओरडायची. चिंचोक्यांवर हिशेब चालायचा. हरलेल्या जोडानं चहा करायचा, हा काकांचा नियम, त्यामुळं अण्णांनी आयुष्यात जो काही चहा केला तो शनिवारीच. त्या ओसरीवर मी जितकी मोठ्यानं बोलले, भांडले, हसले, तितकी नंतर कुठंच नाही. मी तिथं कुणाची तरी मुलगी नव्हते, नुसती खेळणारी होते. हे आज लिहिताना समजतं आहे असं नाही. तेव्हाही समजत होतं, म्हणून तर शनिवारची इतकी वाट बघायची.

मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा मी अण्णांकडून शब्द मागून घेतला होता. माझ्या मावसबहिणीला पोह्यांच्या बशा घेऊन एकामागून एक इतक्या लोकांपुढं जावं लागलं होतं की तिला पोह्यांचा वाससुद्धा सहन होईना. ते मी पाहिलं होतं. मला कॉलेजात जायचं होतं, गणित घ्यायचं होतं आणि पुढं शाळेत शिकवायचं होतं. अण्णांना मी म्हटलं, कॉलेज पुरं होईपर्यंत घरात बघण्याचा कार्यक्रम करायचा नाही. अण्णा थोडा वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "नाय करणार. दिला शब्द." काका शेजारीच होते. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "मी साक्षीदार." त्यावर विसंबून मी कॉलेजात जाऊ लागले. खडकेश्वरावरून चालत जायचे, छत्री आणि पुस्तकं छातीशी धरून. वर्गात आम्ही मुली इतक्या थोड्या होतो की सगळ्या एकाच बाकावर मावायचो, पण फळ्यावरचं गणित माझं आधी सुटायचं आणि प्राध्यापक न बघताच विचारायचे, "झालं का?" आणि मी म्हणायचे, झालं.

त्याच वर्षी दसऱ्यानंतरच्या एका शनिवारी बापूकाका आबासाहेबांना घेऊन आले. अंबडकडचे जमीनदार, काकांच्या ओळखीचे, कोर्टाच्या कामासाठी औरंगाबादेत येऊन राहिलेले. पांढरा फेटा, मिशा कातरलेल्या, बोलण्यात उर्दू शब्द भरपूर, कारण शिकले ते उर्दू शाळांच्या जमान्यात. काका म्हणाले, "आबासाहेबांना तीनशे चार बघायचंय." आई लगेच उठली आणि तिनं आपला पाट त्यांना दिला. मला ते खटकलं. मी म्हटलं, "आईला खेळू द्या की, ते बघतील." आई म्हणाली, "मला लई काम हाय," आणि आत गेली. काम काहीच नव्हतं, ती दाराशी उभी राहून बघत होती.

आबासाहेब लवकर शिकले. माणूस मजेदार होता. चुकीचं पान पडलं की स्वतःच "लाहौल विलाकुवत!" म्हणून कपाळावर हात मारायचे. त्या शनिवारी आम्ही त्यांना हरवलं, पुढच्या शनिवारीही हरवलं. अण्णा त्यांचे भिडू असल्यामुळं अण्णांना चहा करावा लागला, तेव्हा आबासाहेब पोट धरून हसले. मला ते आवडले, हे कबूल केलं पाहिजे. चष्मा विसरून आले म्हणून त्यांनी माझ्याकडून वर्तमानपत्र वाचून घेतलं. चिंचोक्यांबरोबर गुण पाटीवरही मांडायचे म्हणून ते काम त्यांनीच माझ्याकडं दिलं आणि माझं अक्षर बघून "वा, मोत्यासारखं!" म्हणाले. अंगणाच्या टोकाला रांजण होता, तिथून त्यांच्यासाठी मी दोनदा पाणी आणलं. आई आजकाल शनिवारी मला परकर-पोलक्याऐवजी नवं पातळ नेसायला सांगत होती. कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं असंच राहावं, असं ती म्हणाली होती. मी नेसत होते. पोहे केले असते तर माझ्या एका क्षणात लक्षात आलं असतं. पण घरात धपाटेच होते.

तिसऱ्या शनिवारी डाव फार रंगला. चिंचोके दोन्हीकडं सारखे झाले होते आणि शेवटचा डाव होता. मला बदामाची पानं छान आली, नव्वी, एक्का, दश्शी, आणि मी मोठी बोली लावून बदाम उपडा ठेवला. गुलाम माझ्याकडं नव्हता, पण आमच्या जोडाकडं असेल असं वाटत होतं. पहिल्या वाटणीतली पानं बघून काकांचा डावा पाय हलायला लागला होता. चांगलं पान आलं की तो हलायचा, हे फक्त मला माहीत होतं. हुकूम उघडला. मी नव्वी उतरवली. आबासाहेबांनी राजा टाकला, काकांनी सत्ती, अण्णांनी अठ्ठी. पुढच्या उतारीला मी बदामाचा एक्का टाकला आणि तिघांनीही दुसऱ्याच रंगाची पानं टाकली. दश्शी आणि राणी माझ्याच हातात होत्या. म्हणजे बदामाचा गुलाम कुठंतरी होता आणि कुणाकडंच नव्हता.

आमच्या घरात रंग हातात असून नसल्यासारखं करणं याला सरळ चोरी म्हणत. अण्णांनी लहानपणी एकदा मला त्यावरून डावातून उठवलं होतं. माझा संशय आबासाहेबांवर गेला. नवखे आहेत, चुकून राहिला असेल, असं मनात म्हणत मी पुढं खेळले. पण पुढचे हात त्यांच्याकडं गेले, आणि शेवटची दोन-तीन पानं उरलेली असताना काकांनी आपली पानं पडलेल्या पानांवर उपडी टाकली आणि म्हणाले, "सोडा. नाय होत आपल्याच्यानं. आबासाहेब, जिंकलात!"

"थांबा," मी म्हटलं. "बदामाचा गुलाम पडला नाही."

"पडला असंल गं," काका म्हणाले.

"नाही पडला. आबासाहेब, तुमची पानं दाखवा."

आई दारातून "शके!" म्हणाली. एवढ्या मोठ्या पाहुण्याला पोरीनं असं म्हणायचं म्हणजे काय! पण आबासाहेबांनी आपली पानं सतरंजीवर उलगडून ठेवली. त्यात गुलाम नव्हता. अण्णांनी चडफडत आपली ठेवली. त्यांतही नव्हता. मग मी काकांकडं न बघता ढिगावरची वरची पानं उचलली. सगळ्यात वरच होता तो.

मला आधी काही कळेचना. मी मूर्खासारखी त्या पानाकडं बघत राहिले. आपला भिडू आपल्याविरुद्ध खेळेल, ही गोष्ट त्या खेळात बसतच नव्हती.

"काका, हे कामून केलं?"

काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "अगं, मोठ्या माणसाला दर वेळेस हरवायचं नसतं," ते हळू म्हणाले. "बरं दिसत नाय ते."

"कुणाला बरं दिसत नाय? खेळायला आलेत ना ते?"

अण्णा सुपारी शोधू लागले. मग आबासाहेबांनी काकांकडं बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य अगदी खरं होतं. "बापूराव," ते म्हणाले, "पोरीला सांगितलं नाय तुम्ही अजून? आम्ही तर समजत होतो, तिच्या मर्जीनंच चाललंय समदं." मग माझ्याकडं वळून, हात जोडल्यासारखे करून म्हणाले, "माफ कर, बेटा. आमच्या मुलासाठी आलो होतो. आम्हाला तर पहिल्याच दिवशी पसंत पडलीस तू."

मी आईकडं बघितलं. निदान तिला तरी माहीत नसेल, अशी मला आशा होती. आईनं मान खाली घातली आणि म्हणाली, "चहा ठेवते."

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर जाऊन बसली. वर्तमानपत्र वाचून घेतलं ते माझा आवाज आणि वाचन बघायला. पाटी दिली ती अक्षर बघायला. पाणी आणायला पाठवलं ते चाल बघायला. बघायला आलेले लोक जे जे करून घेतात ते सगळं माझ्याकडून करून घेतलं गेलं होतं, फक्त मला मान खाली घालून बसवलं नव्हतं. उलट मी खदखदून हसत होते, टाळ्या देत होते, पाहुण्यांना चिडवत होते, आणि घरातली तीन माणसं, माझी माणसं, ते बघत बसली होती आणि त्यांना सगळं ठाऊक होतं. मावसबहिणीचं बरं होतं असं मला त्या क्षणी वाटलं. तिला निदान कळत तरी होतं की आपण बशी घेऊन कुणापुढं उभ्या आहोत.

आबासाहेब गेल्यावर मी अण्णांना विचारलं, "शब्द दिला होता ना?" अण्णा कचेरीत पेशकार होते. कागदातली फट शोधण्यात हयात गेलेली. ते म्हणाले, "शब्द मोडला नाय मी. बघण्याचा कार्यक्रम करायचा नाय असं ठरलं होतं. केला का कार्यक्रम? पोहे केले? तुला पाटावर बसवलं?" मी म्हटलं, पाटावरच बसले होते. त्यावर ते उठून बाहेर गेले. आई म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू बसली नसतीस." व्हय, नसते बसले. तिला ते इतकं साधं कसं वाटत होतं, हे मला आजपर्यंत उलगडलेलं नाही. आपला पाट तिनं त्या माणसाला दिला होता आणि दारात उभं राहून माझी विक्री बघितली होती. हा शब्द कठोर आहे हे मला कळतं. माझी सून म्हणते, आजी झालात, आता असं लिहू नका. मी लिहिणार.

पण अण्णांचं आणि आईचं मी समजू शकले. ते आई-बाप होते, त्यांना माझं ओझं होतं, आणि चालून आलेलं चांगलं स्थळ ते सोडणार नव्हतेच. काकांचं मला समजू शकलं नाही. ही सगळी युक्ती त्यांचीच होती. दुसऱ्या दिवशी ते माझ्यासाठी गुलमंडीवरून इमरती घेऊन आले, पुडा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "तू पत्ते खेळताना जशी खुलतीस ना शके, तशी एरवी नाय खुलत. बशी घेऊन आलेली पोरगी काय दिसणार कुणाला? म्हणलं, तुला तुझ्यासारखी बघू दे त्यांना. घर लई चांगलंय. पोरगा शिकलेला हाय."

"मी तुमच्यासमोर खुलत होते, काका," मी म्हटलं. "दाखवायला नाही."

त्यांना वाईट वाटलं असावं. पण त्यांचं वाईट वाटणं माझ्या काय उपयोगाचं होतं? त्यांनी साक्षीदार म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली होती. माझ्या आयुष्यातली जी एकच जागा कुणी मला तोलत नव्हतं अशी होती, ती त्यांनीच मला दिली आणि त्यांनीच ती पाहुण्याला भाड्यानं दिली. आणि वर, माझ्या जिंकण्यानं सोयरीक फिसकटेल म्हणून माझ्याच हुकमाचा गुलाम दाबून ठेवला. मी हरावं अशी व्यवस्था माझ्या भिडूनं केली, आणि मी मोजत नसेन असं त्याला वाटलं.

मी भांडले. जेवण सोडलं. कॉलेजात जायचं म्हणून निघाले तर आई दारात रडत बसली. आबासाहेबांनी निरोप पाठवला की शिकायचं असेल तर लग्नानंतर शिकवू. ते मनापासून म्हणाले असतील. अंबडला तेव्हा कॉलेज नव्हतं, हे मात्र निरोप पाठवताना कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या बाजूनं बोलायला घरात एकच माणूस होता, आणि तो आधीच पलीकडच्या बाजूला जाऊन बसला होता. मार्गशीर्षात लग्न झालं. नवऱ्याबद्दल मला तक्रार नाही. सरळ माणूस, शेतकी खात्यात नोकरीला, मला त्यांनी कधी दुखावलं नाही. पण फळ्यापुढं मी कधीच उभी राहिले नाही, आणि मुलांची गणितं चुलीपुढं बसून सोडवली म्हणजे शिकवणं होत नाही. लोक म्हणतात, बघ, सगळं चांगलंच झालं ना? चांगलं झालं म्हणून फसवलेलं माणूस फसवलेलं राहत नाही की काय, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

आमच्याकडं पाठवणीच्या वेळी एक पद्धत होती. मुलगी सगळ्यांच्या पाया पडते, मोठी माणसं तिला विचारतात, काही राग-रुसवा नाही ना, आणि मुलगी रडत रडत मान हलवून नाही म्हणते. मी अण्णांना नाही म्हटलं. आईच्या तर गळ्यात पडून मी खरोखर रडले. दाराशी आबासाहेबांची मोटार उभी होती, गल्लीतली पोरं तिला हात लावून बघत होती, खाला भिंतीपलीकडून आली होती आणि माझ्या डोक्यावरचा पदर सारखा करत होती. शेवटी बापूकाका पुढं आले. त्यांनी नवा सदरा घातला होता. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि सगळ्या बायका ऐकत होत्या.

"शके," ते म्हणाले, "काकावर राग नाय ना?"

"हाय," मी म्हटलं.

आईनं माझा दंड दाबला. काका तसेच उभे राहिले, आशीर्वादासाठी उचललेला हात अर्ध्यावर धरून. त्यांना वाटलं असेल, मी पुढं काहीतरी बोलेन, हसेन, नाही म्हणेन. मी वाकून त्यांच्या पाया पडले आणि मोटारीत जाऊन बसले.